टेरी कॅलियर यांचा ‘व्हॉट कलर इज लव्ह’ (१९७२): हा अल्बम कोणत्या कप्प्यात ठेवायचा?

पारसिक_डोंगर (धागाकर्ता)

सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे भावनाप्रधान संगीत, ऐकणाऱ्या आपल्या मंडळींना मार्विन गे, अरेथा फ्रँकलिन, स्टीव्ही वंडर ही नावे सांगावी लागत नाहीत. टेरी कॅलियर हे नाव मात्र मला अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हते, आणि ठाण्यातल्या ज्या दोन-चार दर्दी मित्रांकडे चौकशी केली त्यांनाही ते नवेच होते. गायिका मिनी रिपर्टन यांच्या १९७० सालच्या पहिल्या अल्बमचे वाद्यसंयोजन चार्ल्स स्टेपनी यांनी केले होते. त्या संयोजनाने मी इतका भारावलो होतो, की स्टेपनी यांनी आणखी कोणाकोणाबरोबर काम केले याचा माग काढत गेलो आणि त्या वाटेवर हा अल्बम हाती लागला.

यात सातच गाणी असून एकूण लांबी सुमारे ४० मिनिटे आहे, म्हणजे ठाणे-पनवेल लोकलच्या एका फेरीत तो सबंध ऐकून होतो. पहिलेच गाणे, ‘डान्सिंग गर्ल’, नऊ मिनिटांचे आहे. त्या काळी रेडिओला तीन-साडेतीन मिनिटांची गाणी हवी असत. अशा वेळी फारसे नाव नसलेल्या गायकाने तबकडीच्या पहिल्या बाजूच्या आरंभीच नऊ मिनिटांचे गाणे ठेवावे, याला धाडस म्हणावे की व्यवहारशून्यता म्हणावी, हे मला ठरवता येत नाही. गाणे सुरू होते ते केवळ गिटारच्या बोटकामावर आणि अगदी जवळून, जणू बोलल्यासारख्या आवाजात. हळूहळू व्हायोलिनांचा ताफा येतो. मध्यावर लय उचलली जाते, ब्रासची (पितळी फुंकवाद्यांची) साथ दाखल होते आणि ज्या गाण्याला आपण फोक, म्हणजे लोकगीताच्या वळणाचे, समजून बसलो होतो ते जॅझच्या अंगाने चालू लागते. शब्दांचीही तीच गत आहे, कारण स्वप्नापासून निघालेले गाणे शहरातल्या गरीब वस्तीत येऊन पोहोचते. नंतर सारे ओसरते आणि पुन्हा तो आवाज व ती गिटार एवढेच उरते.

पुढची गाणी या वाटेने जात नाहीत. ‘यू गोइन मिस युवर कँडीमॅन’मध्ये बेस गिटारची एकच ओळ हट्टाने फिरत राहते आणि तिच्यावर ब्लूजच्या धाटणीचे, निघून जाणाऱ्या माणसाचे गाणे उभे राहते. ‘जस्ट अ‍ॅज लाँग अ‍ॅज वुई आर इन लव्ह’ हे शिकागोच्या गोड वळणाचे सोल आहे. ‘हो त्सिंग मी’ हे व्हिएतनाम युद्धाच्या काळातले युद्धविरोधी गाणे आहे. शेवटच्या ‘यू डोन्ट केअर’मध्ये शब्द जवळजवळ संपलेलेच असतात, एक छोटे वाक्य पुन्हा पुन्हा येते आणि त्याभोवती कोरस व वाद्ये वाढत जातात.

अनेक प्रकार एकत्र आणणारे अल्बम आपण सर्वांनीच भरपूर ऐकले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची अडचण अशी असते की जोड दिसते. इथवर जॅझ, इथून पुढे गॉस्पेल (चर्चमधले भक्तिगायन), मग चार आवर्तने फंक (ठेक्यावर भर देणारे नृत्यसंगीत), असा हिशेब ऐकणाऱ्याला मांडता येतो. कॅलियर यांच्या बाबतीत मला तो मांडता येत नाही, आणि त्याचे कारण माझ्या मते वाद्यांत नसून गाण्याच्या पद्धतीत आहे. शब्दोच्चार फोक गायकाचे आहेत, म्हणजे प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे अशा काळजीचे. शब्द तालात नेमका कोठे टाकायचा याची मोकळीक जॅझ गायकाची आहे. आवाज पूर्ण उघडून टाकणे हा जो गॉस्पेलचा हमखास उपाय, तो मात्र ते फार जपून, एखाद्याच जागी वापरतात. या तिन्ही सवयी एकाच गळ्यात आधीपासून नांदत असल्यामुळे मागे काहीही वाजले तरी तो अल्बम एकाच माणसाचा वाटतो.

जाणकारांनी या गायकाविषयी आणि अल्बमविषयी लिहावे. मतभेद असल्यास अधिक आनंद होईल.

जुनी_तबकडी

धागा काढल्याबद्दल आभार. कॅलियर यांची पार्श्वभूमी थोडी विस्ताराने देतो, कारण त्यांच्या गाण्यातले बरेच काही त्यावरून उलगडते.

त्यांचा जन्म १९४५ साली शिकागोत झाला आणि ते शहराच्या उत्तर भागातल्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीच्या परिसरात वाढले. कर्टिस मेफिल्ड आणि जेरी बटलर हे त्यांचे लहानपणापासूनचे मित्र होते, म्हणजे ज्यांनी पुढे शिकागो सोल घडवले त्या मंडळींच्या अंगणातच ते मोठे झाले. शाळेत असतानाच, १९६२ साली, चेस या कंपनीत त्यांची स्वरचाचणी झाली आणि एक एकेरी तबकडी ध्वनिमुद्रित झाली. मडी वॉटर्स आणि एटा जेम्स यांच्याबरोबर दौऱ्यावर जाण्याची संधीही चालून आली होती. परंतु आईने आधी शिक्षण पुरे करण्यास बजावले आणि ते गेले नाहीत. नौपाड्यात किंवा वाशीत याहून वेगळे काही घडले असते असे मला वाटत नाही.

त्यानंतर ते कॉफीहाउसांत गिटार घेऊन फोक गाऊ लागले. याच सुमारास त्यांनी शिकागोतल्या एका क्लबात जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा चमू प्रत्यक्ष ऐकला आणि त्याने ते मुळापासून हादरले. साठच्या दशकाच्या मध्यात ध्वनिमुद्रित झालेल्या ‘द न्यू फोक साउंड’ या त्यांच्या पहिल्या अल्बमवर गिटारच्या जोडीला दोन उभे बेस (खर्जातली मोठी तंतुवाद्ये) वाजतात, ही कोल्ट्रेन यांच्याकडून घेतलेली कल्पना आहे. फोकच्या अल्बमवर दोन बेस, ही त्या वेळी अगदीच अनोखी गोष्ट होती. निर्माते सॅम्युअल चार्टर्स ध्वनिफिती बरोबर घेऊन मेक्सिकोकडे निघून गेले आणि अल्बम बाजारात येण्यास काही वर्षे लागली. तोवर फोकची लाट ओसरत आली होती.

पुढे ते जेरी बटलर यांच्या गीतकार-कार्यशाळेत दाखल झाले आणि इतरांसाठी गाणी लिहू लागले. द डेल्स या गटासाठी लॅरी वेड यांच्यासह लिहिलेले त्यांचे एक गाणे १९७१ साली बरेच गाजले, आणि त्याच बळावर चेसच्याच कॅडेट या शाखेने त्यांना अल्बम करू दिले. ‘ऑकेजनल रेन’ (१९७२), ‘व्हॉट कलर इज लव्ह’ आणि ‘आय जस्ट कान्ट हेल्प मायसेल्फ’ हे ते तीन अल्बम. तिन्हींमागे चार्ल्स स्टेपनी आहेत.

तळावपाळी

मला हा अल्बम आवडतो, तरीही धाग्यातला सूर थोडा अधिकच भक्तिभावाचा झाला आहे असे नोंदवतो.

‘जोड दिसत नाही’ हे विधान पहिल्या बाजूपुरते मान्य करता येईल. दुसऱ्या बाजूवर मात्र ‘जस्ट अ‍ॅज लाँग अ‍ॅज वुई आर इन लव्ह’ सुरू झाले की मला स्पष्ट जाणवते की येथे कंपनीला रेडिओवर वाजेल असे काहीतरी हवे होते. त्या गाण्यातली व्हायोलिने गाण्याला आधार देण्यापेक्षा त्याच्यावर भरजरी शेला पांघरतात आणि आत गाणारा माणूस दिसेनासा होतो. याउलट जुनी_तबकडी यांनी ज्याचा उल्लेख केला त्या पहिल्या अल्बमवर एक गळा, गिटार आणि दोन बेस एवढेच आहे, आणि तेवढ्यावर पारंपरिक गाणी अशी काही उभी राहतात की पुढच्या सगळ्या वाद्यमेळाची गरज होती का, असा प्रश्न पडावा. माझ्या मते कॅलियर यांचे मिश्रण तेथेच पूर्ण झाले होते; स्टेपनी यांनी त्याला केवळ आकार वाढवून दिला.

एक किरकोळ सूचना. मुखपृष्ठावर सिगारेट ओढत बसलेल्या विवस्त्र स्त्रीचे छायाचित्र आहे. छायाचित्र उत्तमच आहे, परंतु दिवाणखान्यातल्या टीव्हीवरून गाणी लावणाऱ्यांनी घरी कोण बसले आहे याचा अंदाज आधी घ्यावा. दूरचित्रवाणीचा पडदा आता भिंतभर असतो.

मंद्र_षड्ज

मी मुळात ख्याल ऐकणारी; वाशीतल्या मैफलींना नेमाने जाणारी. सोलमध्ये माझी गती बेताची आहे, त्यामुळे जे कानाला जाणवले तेवढेच लिहिते.

‘डान्सिंग गर्ल’ ऐकताना कोणालाही प्रथम बडा ख्याल आठवेल: विलंबितातला संथ आरंभ, मग बढत, मग द्रुत. ही तुलना सोपी आहे, आणि मला वाटते ती फसवीही आहे. ख्यालात लय वाढते तेव्हा आधी मांडलेला रागच अधिक दाट होत जातो, आपण त्याच घरात आतल्या खोलीत शिरतो. येथे लय वाढते तेव्हा परिसरच बदलतो. तारकांचे स्वप्न सोडून आपण थेट रस्त्यावर येतो, आणि शेवटी जेव्हा गिटार परत येते तेव्हा ते आधीचे स्वप्न राहिलेले नसते, कारण मध्ये काय पाहिले ते ऐकणाऱ्याला ठाऊक असते. समेवर आल्याचे समाधान येथे जाणूनबुजून दिलेले नाही. हे कथा सांगणाऱ्याचे तंत्र आहे, राग मांडणाऱ्याचे नव्हे.

मात्र एका बाबतीत साम्य खरेच आहे, आणि ते ठेहरावात आहे. ओळ संपल्यावर कॅलियर पुढची ओळ धरण्याची घाई करत नाहीत. शीर्षकगीतात तर ते प्रश्न विचारतात आणि थांबतात. त्या मधल्या जागेत स्टेपनी यांची व्हायोलिने उत्तर देत नाहीत, केवळ स्वर धरून ठेवतात. तळावपाळी यांना जेथे शेला दिसतो तेथे मला तंबोरा ऐकू येतो. अर्थात हे मी शीर्षकगीताविषयी म्हणते आहे, त्यांनी सांगितलेल्या गाण्याविषयी नाही. त्या गाण्याबाबत त्यांच्याशी माझे फारसे भांडण नाही.

पारसिक_डोंगर (धागाकर्ता)

मंद्र_षड्ज, परिसर बदलण्याचा आपला मुद्दा मला फार पटला. मी त्या गाण्याकडे वाद्यांच्या चढउताराच्या अंगाने पाहत होतो; शब्दांनी केलेला प्रवास आणि वाद्यांनी केलेला प्रवास एकच आहे, हे आपल्या प्रतिसादामुळे नीट दिसले.

तळावपाळी, पहिला अल्बम मीही ऐकला. सुंदर आहे. तरीही मिश्रण तेथे पूर्ण झाले होते हे मला मान्य नाही, कारण त्यात ते बहुतांशी परंपरेतून आलेली गाणी गातात. पद्धत त्यांची आहे, परंतु सांगणे अजून स्वतःचे झालेले नाही. ‘कँडीमॅन’मध्ये हा फरक स्पष्ट कळतो. तो शब्द आणि ती कल्पना जुन्या ब्लूजमधलीच आहे, पण कॅलियर तिच्यावर स्वतःच्या काळातला राग चढवतात आणि त्यासाठी त्यांना ती बेसची फिरती ओळ, तो ब्रासचा मारा लागतो. दोन बेस आणि गिटार यांच्यावर ते गाणे उभेच राहिले नसते.

कोपरखैरणेकर

आतापर्यंत नुसता वाचत होतो, पण या गायकाच्या पुढच्या आयुष्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ऐरोलीच्या आयटी पार्कात रोज जाणाऱ्या माणसाला ते कळल्यावर गप्प बसवत नाही.

कॅडेटचे तिन्ही अल्बम फारसे विकले गेले नाहीत. १९७६ साली स्टेपनी वयाच्या ४५ व्या वर्षी वारले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅलियर यांनी इलेक्ट्रा या कंपनीसाठी दोन अल्बम केले, परंतु तेथेही घडी बसली नाही. १९८३ च्या सुमारास त्यांची मुलगी त्यांच्याकडे राहण्यास आली आणि तिच्या शिक्षणासाठी नियमित उत्पन्न हवे म्हणून त्यांनी गाणे थांबवले. ते संगणक प्रोग्रामिंग शिकले आणि शिकागो विद्यापीठात प्रोग्रामर म्हणून नोकरीस लागले. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी समाजशास्त्राची पदवीही घेतली.

इकडे इंग्लंडमध्ये काही डीजे मंडळी त्यांच्या जुन्या तबकड्या नृत्यक्लबांत वाजवत होती. अ‍ॅसिड जॅझ या लंडनच्या कंपनीने त्यांचा ठावठिकाणा शोधून त्यांची जुनी एकेरी तबकडी नव्वदच्या दशकाच्या आरंभी पुन्हा काढली आणि त्यांना गाण्यासाठी बोलावले. मग बरीच वर्षे असा क्रम चालला की नोकरीतून सुटी मिळाली की हा माणूस इंग्लंडला जाऊन गात असे आणि सुटी संपली की परत येऊन संगणकासमोर बसत असे. १९९८ साली ‘टाइमपीस’ हा नवा अल्बम आला, त्याला संयुक्त राष्ट्रांशी संबंधित शांततेचा पुरस्कार मिळाला आणि कार्यालयात सर्वांना या दुसऱ्या आयुष्याचा पत्ता लागला. ती नोकरी त्यानंतर सुटली. पुढे ते पूर्णवेळ गायले. २००६ साली मॅसिव्ह अटॅक या गटासाठी त्यांनी गायलेले ‘लिव्ह विथ मी’ आमच्या पिढीतल्या अनेकांनी गायकाचे नाव न कळताच ऐकलेले असेल. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

आता मुद्द्यावर येतो. हा अल्बम कोणत्या कप्प्यात ठेवायचा, हा प्रश्न आपल्यासाठी गंमतीचा आहे. त्यांच्यासाठी तो पोटापाण्याचा होता. कृष्णवर्णीय गायकाचा अल्बम दुकानात सोलच्या मांडणीत जाणार, तेथे ग्राहक नाचण्यासाठी किंवा प्रेमगीतांसाठी येणार आणि त्याच्या हाती नऊ मिनिटांचे हे गाणे पडणार. फोकचा ग्राहक त्या मांडणीकडे फिरकणारच नाही. त्यांचे अपयश गाण्यातल्या कोणत्याही उणिवेपेक्षा या मांडणीतून अधिक आले असावे, असे मला वाटते.

जुनी_तबकडी

कोपरखैरणेकर यांनी उत्तम लिहिले आहे. मांडणीच्या मुद्द्यात एका गोष्टीची भर घालतो. चेस कंपनीचे संस्थापक लेनर्ड चेस १९६९ साली वारले आणि त्याच वर्षी कंपनी विकली गेली होती. मडी वॉटर्स, चक बेरी यांची ध्वनिमुद्रणे घरच्या दुकानासारख्या आपुलकीने खपवणारी ती जुनी चेस १९७२ मध्ये उरली नव्हती. अवघड अल्बमच्या पाठीशी उभे राहून तो रेडिओ केंद्रांच्या गळी उतरवील असे कोणी तेथे असते, तर कदाचित चित्र वेगळे झाले असते.

स्टेपनी यांच्याविषयी तळावपाळी यांना एक निवेदन. ‘आकार वाढवून दिला’ हे शब्द मला अन्यायाचे वाटतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतावर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी तरी संयोजकाला दुय्यम समजू नये. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांनी व्हायोलिनांच्या ताफ्यासाठी जे लिहिले त्यावाचून त्या काळातली किती गाणी ओळखू आली असती, याचा विचार करावा. स्टेपनी मूळचे पियानो व व्हायब्राफोनवादक. त्यांनी शिलिंजर यांच्या गणिती रचनापद्धतीचा अभ्यास केला होता. १९६८ साली मडी वॉटर्स यांच्यासारख्या मुरलेल्या ब्लूज गायकाला सायकेडेलिक रॉकच्या गदारोळात उभे करणाऱ्या अल्बमच्या निर्मात्यांपैकी ते एक होते. त्या प्रयोगात जोड जागोजागी दिसते, आणि तो अल्बम मला आजही ऐकवत नाही. कॅलियर यांच्यासाठी लिहिताना तोच माणूस किती संयम पाळतो ते पाहावे: ‘डान्सिंग गर्ल’च्या आरंभी वाद्ये हाताशी असूनही तो त्यांना कितीतरी वेळ रोखून धरतो.

मंद्र_षड्ज

मिश्रणाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात. मुंबईत जन्मलेल्या आणि हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या आशा पुथली याच काळात न्यूयॉर्कला होत्या. जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बममध्ये त्यांनी दोन गाणी गायली, आणि १९७६ च्या त्यांच्या ‘द डेव्हिल इज लूज’मध्ये सोल, जॅझ आणि डिस्को यांची सरमिसळ आहे. तेथेही सतार-तबल्याची सजावट नाही. शिक्षण आहे ते स्वर लावण्याच्या पद्धतीत. धागाकर्त्यांच्या ‘सवयी गळ्यात असतात’ या म्हणण्याला हे उदाहरण जवळचे आहे. मात्र पुथली आवाजाचे अनेक रंग मुद्दाम दाखवतात आणि ते पाहण्यात मौज वाटते. कॅलियर काही दाखवतच नाहीत.

तळावपाळी

जुनी_तबकडी, डिसोझांचा दाखला देऊन आपण मला कोंडीत पकडले आहे, तरी माझे मत एका गाण्यापुरते कायम ठेवतो. ‘यू डोन्ट केअर’विषयी मात्र कोणीच पुरेसे लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. सबंध अल्बमभर शब्दांना जपणारा गायक शेवटच्या गाण्यात शब्द टाकून देतो, आणि ‘तुला पर्वा नाही’ एवढीच तक्रार कोरसच्या हाती सोपवतो. तेथे वाद्यमेळ कितीही मोठा झाला तरी मला खटकत नाही, कारण झाकण्यासाठी समोर गायकच उरलेला नसतो. स्टेपनी यांच्या बाजूने पुरावा द्यायचाच असेल तर तो या गाण्यातून द्यावा.

कोपरखैरणेकर

‘ऑकेजनल रेन’ कोणी सलग ऐकला आहे का? त्यात गाण्यांच्या मधे एकाच छोट्या गाण्याचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि त्यामुळे अल्बम एका धाग्यात ओवल्यासारखा होतो. नव्याने ऐकणाऱ्यांनी आधी तो ऐकावा की हा, याविषयी मत हवे होते.

पारसिक_डोंगर (धागाकर्ता)

माझे मत आधी हाच, आणि तोही गाण्यांचा क्रम न बदलता. ‘ऑकेजनल रेन’मधली गाणी अधिक आटोपशीर आहेत आणि ती कोणालाही चटकन आवडतील, पण ते आधी ऐकले तर कॅलियर म्हणजे गोड आवाजाचा सौम्य गायक अशी समजूत होते आणि मग ‘कँडीमॅन’ परक्या माणसाचे वाटते. उलट क्रमाने ऐकले तर त्या सौम्य गाण्यांच्या तळाशी असलेली धगही जाणवते. ‘टाइमपीस’ सर्वांत शेवटी ठेवावा. तेथे आवाज अधिक खाली उतरला आहे, थोडा खरखरीतही झाला आहे, पण ओळ संपल्यावर थांबण्याची ती सवय जशीच्या तशी आहे.

जुनी_तबकडी

क्रम मान्य आहे. ज्यांना जमेल त्यांनी पुढच्या महिन्यात एका रविवारी चरईत माझ्याकडे यावे. दोन्ही अल्बम सलग लावू. तळावपाळी यांच्या नावडत्या गाण्याच्या वेळी चहा ठेवण्यात येईल, म्हणजे त्यांना स्वयंपाकघरात जाण्यास सबब मिळेल.